शेजारची मांजरं, आमच्या कुरडया आणि तुटत चाललेला शेजार

दारातली_तुळस
८ एप्रिल, रात्री ९:४०

मंडळी, लिहू की नको करत आठ दिवस गेले. आज लिहितेच.

आमचं घर कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं, जुनं, कौलारू. पुढं सोपा, मागं परडं. शेजारच्या आक्कांची आणि आमची मधली भिंत एकच. मी लग्न होऊन आले त्याला २६ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांची वाटी आमच्याकडनं रिकामी गेली नाही की आमची त्यांच्याकडनं. दोन वर्षांमागं आक्कांचे मालक वारले. मुलगा बंगळूरला असतो. त्याच पावसाळ्यात एक मांजरी भिजत त्यांच्या सोप्यात आली आणि आक्कांनी ठेवून घेतली. आज तिथं सात आहेत.

गेल्या रविवारी मी कुरडया घातल्या. गहू तीन दिवस भिजवले, वाटले, चीक गाळला, पहाटे चारला उठून शिजवला. परड्यात जुनी साडी अंथरून सगळ्या घातल्या आणि चहा घ्यायला आत गेले, ती दहा मिनिटं. बाहेर येऊन बघते तर साडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओल्या कुरडयांवर पावलं उमटलेली. मधोमध तो पिवळा बोका, डाव्या कानाचा तुकडा गेलेला, पोटाला लागलेला चीक निवांत चाटत बसलेला. सगळं गोळा करून गाईला घातलं.

कुरडया गेल्या तर गेल्या. पण तोच बोका रोज आमच्या पुढच्या दारावर फवारा मारतो. वास जात नाही. तुळशीच्या कुंडीत रोज उकरून घाण केलेली असते. आणि माझी लेक बाळंतपणाला आली आहे, सातवा महिना आहे. तिच्या सासूबाईंचा फोन आला, "मांजरं असली तर आम्ही तिला परत नेतो."

आमचे हे त्या दिवशी भिंतीवरनं जोरात बोलले. आक्का म्हणाल्या, "मांजराला काय कळतंय? तुम्ही दार लावून घ्या." तेव्हापासून बोलणं बंद. चैत्रातल्या हळदीकुंकवाला २६ वर्षांत पहिल्यांदा आक्का आल्या नाहीत. त्यांच्या नावाची आंबेडाळ रात्रीपर्यंत झाकून ठेवली होती मी.

मला मांजरं मारायची नाहीत, कुठं नेऊन सोडायचीही नाहीत. पण माझं घर मला निवांत वापरता आलं पाहिजे. कुणी असं काही निस्तरलंय का?

---

पेठेतला_पोरगा
८ एप्रिल, रात्री ९:५८

काकी, दारात लाल पाण्याची बाटली ठेवा की. आमच्या गल्लीत सगळ्यांनी ठेवल्यात.

---

बावडेकर
८ एप्रिल, रात्री १०:०५

भावा, ती बाटली कुत्र्यासाठी ठेवतात आणि त्यालाही तिचा उपयोग होत नाही. आमच्या बावड्यात एक मांजरी त्या बाटलीलाच पाठ टेकून दुपारभर झोपते. ऊन लागून पाणी कोमट होतं ना, शेक मिळतो तिला.

---

पेठेतला_पोरगा
८ एप्रिल, रात्री १०:०७

हे मात्र खरं हाय. आमच्यातबी असंच झालंय 😄

---

मनीची_आई
८ एप्रिल, रात्री १०:५१

ताई, तुमचा त्रास कळतोय. पण तुमच्या आक्कांच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवं.

मी राजारामपुरीत राहते. माझी मनी काळीपांढरी होती, चार वर्षांची. ती शेजारच्या गच्चीवर जायची आणि शेजारच्यांना ते आवडायचं नाही. त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा हसून "हो हो" म्हटलं आणि काही केलं नाही. एक दिवस संध्याकाळी मनी जिन्यात आली, पण पायरी चढता येईना. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळे काळेच दिसत होते. मी तिला ओढणीत गुंडाळून रिक्षात बसले. डॉक्टरांच्या दारात पोचेपर्यंत ती ओढणीतच गेली. डॉक्टर म्हणाले, विषासारखं दिसतंय. कुणी घातलं, की विष खाल्लेला उंदीर तिनं खाल्ला, हे मला आजही माहीत नाही. शेजारच्यांकडं मी तीन वर्षं बघितलेलं नाही. त्यांनी काही केलं नसेलही. पण त्या वेळी मी त्यांचं ऐकलं असतं तर असा संशय मनात धरून जगावं लागलं नसतं.

तुमच्या आक्कांना आज याच भीतीनं झोप येत नसेल. त्या तुमच्यावर चिडलेल्या नसतील, घाबरलेल्या असतील.

---

कबूतरखाना
८ एप्रिल, रात्री ११:१५

मनीची आई, वाईट झालं. पण मी स्पष्टच बोलतो. माझ्याकडं माडीवर ४० कबुतरं होती. आजोबांपासूनची जात सांभाळलेली. शेजारच्या मांजरानं एका रात्रीत अकरा मारली. खाल्ली एक, बाकीची नुसती मारून टाकली. सकाळी दार उघडलं तर पिसांचा थर. मांजराची मालकीण म्हणाली, "अहो, त्याचा स्वभावच आहे तो." स्वभाव मलाही माहीत आहे. म्हणून तर तुमचं जनावर तुमच्या घरात ठेवा ना! गाय दुसऱ्याच्या उसात गेली तर आपण मालकाला जाब विचारतो. मांजरालाच वेगळा न्याय का?

---

मनीची_आई
८ एप्रिल, रात्री ११:२२

मांजर दावणीला बांधायचं जनावर नाही, कबूतरखाना. गाईशी तुलना नको.

---

कबूतरखाना
८ एप्रिल, रात्री ११:२६

बांधायचं जनावर नाही म्हणताय, मग दुसऱ्याच्या नुकसानाची जबाबदारी कुणाची, तेवढं सांगा.

---

जनावरांचा_डॉक्टर
९ एप्रिल, सकाळी ७:१०

दोघांनी जरा थांबा. मी व्यवसायानं पशुवैद्य आहे, आधी म्हशी जास्त बघायचो, आता कुत्री-मांजरं जास्त बघतो. दारातली_तुळस यांच्या प्रत्येक त्रासामागं वेगळं कारण आहे आणि बहुतेकांना उपाय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बोक्याचा फवारा. शेपूट उभी करून मागं उडवतो ती लघवी पोट मोकळं करायला नसते. "हा माझा इलाका" हे तो लिहून ठेवत असतो. नसबंदी न झालेला बोका हे करणारच. ऑपरेशन केलं की बहुतेक बोक्यांचा फवारा थांबतो किंवा खूप कमी होतो, भटकणं आणि मारामाऱ्याही कमी होतात. लगेच फरक दिसत नाही, काही आठवडे जावे लागतात. दार फिनेलनं पुसू नका. एक तर मांजरांच्या यकृताला फिनॉल पचवता येत नाही, पाय चाटून ते पोटात जातं. दुसरं म्हणजे वास पुरता गेला नाही की बोका तिथंच पुन्हा येतो. साबणाच्या पाण्यानं धुऊन वर व्हिनेगरचं पाणी मारा. कुंडीत डांबराच्या गोळ्या टाकायचा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नका. त्याही विषारी आहेत.

तुळशीची कुंडी. मांजर भुसभुशीत माती शोधतं, उकरतं, झाकतं. कुंडीत मातीवर कोंबडीच्या खुराड्याची जाळी कापून बसवा आणि वर मोठी खडी टाका. उकरता आलं नाही की ते जागा बदलतं. पण जागा बदलून जाईल कुठं? म्हणून आक्कांच्या परड्यात कोपऱ्यात वाळूच्या दोन-तीन पाट्या हव्यातच, आणि रोज साफ करायला हव्यात. नुसती तुमची कुंडी बंद केली तर तिसऱ्याच्या दारात घाण होईल.

आणखी एक विचारतो. आक्का दूध घालतात का? घालतच असतील. आपल्याकडं मांजर म्हणजे दूध हे डोक्यात पक्कं बसलंय. पण मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. कुंडीतल्या घाणीला फार वास येत असेल तर कारण हेच असू शकतं. पिण्याला पाणी, खायला मासळी-मांस किंवा मांजरांचं तयार खाद्य. नुसत्या दूध-भाकरीवर मांजराचं भागत नाही, त्याला मांसातूनच मिळणारं टॉरिन लागतं, नाहीतर डोळे आणि हृदय खराब होतं.

सातची गोष्ट. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. ६३ ते ६५ दिवसांत विते. एका वेळी तीन-चार पिल्लं, वर्षाला दोन-तीन वेळा. अंगावर पिल्लं असतानाही ती पुन्हा माजावर येऊ शकते. दोन वर्षांत सातच राहिली असतील तर मधली कितीतरी मेली, हे आक्कांनी डोळ्यांनी बघितलं असणार. म्हणून सगळ्यांत आधी माद्यांचं ऑपरेशन. ते झालं नाही तर पुढच्या चैत्रात तुम्ही पंधरा मांजरांचा धागा काढाल.

शेवटचं, आक्कांकडं गेलात तर "सात मांजरं" असं म्हणू नका. एकेकाचं विचारा, हे कुणाचं, ते कुठून येतं. माझा अनुभव असा की ज्याच्यावर भांडण पेटतं ते मांजर पुष्कळदा दोघांचंही नसतं.

---

दारातली_तुळस
९ एप्रिल, सकाळी ८:०२

डॉक्टर, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. दूध घालतातच हो. रोज सकाळी सातला वाटी भांड्यावर वाजते आणि सगळी गोळा होतात.

लेकीचं तेवढं सांगा. तिच्या सासरचे म्हणतात मांजराच्या श्वासानं पोटातल्या बाळाला धोका असतो. हे खरं आहे का?

---

जनावरांचा_डॉक्टर
९ एप्रिल, सकाळी ८:३०

श्वासानं काही होत नाही, केसानंही नाही. धोका आहे तो टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा, आणि तो विष्ठेतून येतो. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे ते विष्ठेतून बाहेर पडतं. पडल्या पडल्या ते लागण करू शकत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणूनच घाण रोजच्या रोज काढायची, आणि ती लेकीनं काढायची नाही. तुळशीच्या मातीला तिनं हात लावू नये, लावावाच लागला तर हातमोजे. भाजीपाला नीट धुवा. आणि हे लोकांना माहीत नसतं, कच्चट राहिलेल्या मटणातूनही हीच लागण होते. तिच्या ताटात येणारं मटण पूर्ण शिजलेलं हवं. तिच्या डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या, आधी लागण होऊन गेली आहे का ते कळतं. एवढं केलं तर शेजारी मांजर आहे म्हणून तिला हलवायची गरज नाही.

मांजरानं बोचकारलं किंवा चावलं तर मात्र हळद लावून बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं आणि थेट सीपीआर (आपलं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचा दवाखाना गाठून रेबीजच्या लशीबद्दल विचारायचं. रेबीज मांजरापासूनही होतो.

---

गंगावेशीतला
९ एप्रिल, दुपारी १:१८

ताई, नेऊन सोडायचं नाही म्हणालात ते बरं केलंत. माझ्या वडिलांनी एक बोका पोत्यात घालून पंचगंगेच्या पुलापलीकडं सोडला होता. मी तेव्हा सहावीत असेन, सायकलवर पोतं धरून मागं बसलो होतो. पोत्यातनं तो ओरडत नव्हता, नुसता थरथरत होता. ते थरथरणं मला मांडीवर लागत होतं. नवव्या दिवशी पहाटे तो दारात. पायाचे तळवे सोललेले, निम्मा झालेला. वडील काही बोलले नाहीत. आत गेले, गंगावेशीतनं आणलेलं धारोष्ण दूध वाटीत ओतलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. (डॉक्टर, तेव्हा कुणाला माहीत होतं!) नंतर तो आमच्याकडंच मेला, म्हातारा होऊन.

---

आडवी_गेली
९ एप्रिल, दुपारी १:४०

आमची आजी सांगायची, मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं. सोन्याचा आजचा भाव बघता मांजरं शंभर टक्के सुरक्षित आहेत.

---

कोर्टकचेरी
९ एप्रिल, संध्याकाळी ६:२५

वकिली करतो म्हणून कायद्याचं सांगतो. कुणाच्या डोक्यात भलता विचार असेल तर तो निघून जावा.

मांजराला मारणं, विष घालणं, जखमी करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत ४२८ आणि ४२९ कलमं होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मांजर पाळलेलं होतं की भटकं, यानं फरक पडत नाही. उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हे १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ खाली येतं. त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र आजही १० ते ५० रुपयेच आहे. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरी बाजू. मांजर शेजारच्या परड्यात गेलं म्हणून मालकावर सरळ फौजदारी होईल असं कलम नाही. न्याय संहितेचं २९१ आहे, पण ते जनावरामुळं माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होण्याची शक्यता असताना मालकानं निष्काळजीपणा केला तर. कुरडया त्यात बसत नाहीत. दिवाणी दावा लावता येतो, पण माझ्याकडं असं कुणी आलं तर मी आधी चहा पाजून घरी पाठवतो. दाव्याची तारीख पडेपर्यंत लेकीचं बाळ शाळेत जायला लागेल.

गेल्या वर्षी माझ्याकडं एक घर आलं होतं, याच कारणानं. दोन सख्खे भाऊ, एका वाड्यात. आता मधे भिंत आहे.

---

जर्मनीतला_कोल्हापूरकर
९ एप्रिल, रात्री ११:५०

कबूतरखाना यांचा प्रश्न इथंही पेटलेला आहे. मी राहतो त्याच्या जवळच वॉलडॉर्फ नावाचं गाव आहे. तिथं २०२२ साली तुरेवाला चंडोल वाचवण्यासाठी उन्हाळ्यात, ऑगस्टअखेरपर्यंत, मांजरं घराबाहेर सोडायला बंदी घातली. हा पक्षी जमिनीवर घरटं करतो, पिल्लांना उडता येत नाही तोवर मांजराला आयती शिकार. बंदी मोडली तर ५०० युरो दंड. लोक चिडले, मांजरं खिडकीत बसून ओरडायची. ऑस्ट्रेलियात कॅनबेरामध्ये तर १ जुलै २०२२ नंतर जन्मलेलं मांजर मालकाच्या हद्दीतच ठेवायचं असा नियम आहे. मांजर आत राहू शकतं, पिल्लू असल्यापासून सवय लावावी लागते. पण कौलारू घराला हे कसं लागू करणार? आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात एक कौल सरकलं की मांजर आत, दुसरं सरकलं की बाहेर.

---

फुलेवाडीची_सून
१० एप्रिल, दुपारी २:३५

आलो आलो, मीपण आलो! कामं आवरून वाचायला बसलो तर केवढा धागा झालाय.

---

विदर्भातली_पाहुणी
१० एप्रिल, दुपारी २:४१

सून आणि "आलो", "बसलो"? मी चुकीचं वाचतेय का?

---

बावडेकर
१० एप्रिल, दुपारी २:४४

कोल्हापूर आहे हे. आमच्या आया-बहिणी "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात. सवय होईल तुम्हाला, आणि झाली की सुटणार नाही.

---

फुलेवाडीची_सून
१० एप्रिल, दुपारी ३:०५

आता मुद्द्याचं. ताई, तुमच्या मालकांनी भिंतीवरनं बोलायला नको होतं. एकट्या बाईला पुरुष माणूस भिंतीवरनं ओरडला की तिला मांजरं दिसत नाहीत, आपला माणूस नाही एवढंच दिसतं. तुम्ही एकट्याच जावा. पुढच्या दारानं जावा. आंबेडाळ आणि पन्हं घेऊन जावा, राहिलेलं हळदीकुंकू लावा. कुरडईचं नाव पहिल्या अर्ध्या तासात काढू नका. आणि "तुमची मांजरं" म्हणायच्या ऐवजी त्यांना नावानं हाका मारा. नावं विचारा आधी. माझ्या सासूबाईंचं आणि शेजारणीचं कोंबड्यांवरनं असंच झालं होतं. शेजारणीनं एका कोंबडीचं नाव विचारलं आणि सासूबाई पाऊण तास बोलत बसल्या.

---

कुंभारगल्लीकर
१० एप्रिल, रात्री ९:१२

मी शाहूपुरी कुंभार गल्लीचा. आमच्याकडं पावसाळ्यात सगळ्यांचे कान राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पाण्याच्या आकड्याकडं असतात. ३९ फूट इशारा, ४३ धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी एवढं झपाट्यानं चढलं की आम्ही आई-वडिलांना आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन बाहेर पडलो. मांजर माळ्यावर चढून बसलं, खाली येईना. बोट थांबायला तयार नव्हती. सोडून आलो.

वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्या मांजरावरनं त्यांनी आमच्याशी दोन वर्षं भांडण केलं होतं. स्कूटरच्या सीटवर नखं मारतंय म्हणून. ते वरच अडकले होते. सहा दिवस त्यांनी आमच्या माळ्याच्या झरोक्यातनं काठीला टोपली बांधून भाकरी आणि सुकट आत सरकवली. आम्ही परत आलो तेव्हा चिखलात उभं राहून ते मला पहिलं वाक्य काय बोलले असतील? "मांजर जिवंत आहे, पण सीटचे पैसे मी घेणार." मी दुसऱ्या महिन्यात नवीन सीट बसवून दिली. ते द्यायलाच हवं होतं, पुराच्या आधीच.

---

कबूतरखाना
१० एप्रिल, रात्री ९:४०

कुंभारगल्लीकर, वाचून बरं वाटलं. सीट बसवून दिलीत ना, तेच मी म्हणतोय. माझ्या कबुतरांबद्दल कुणी "चुकलं" एवढंही म्हणालं नाही. मी आता दुहेरी जाळी मारली आहे, बाहेरची बारीक, कारण मोठ्या छिद्रातनं पंजा आत येतो. रात्री दार कुलपात. त्याला आठ हजार माझे गेले. मांजर मोकळं ठेवायचं असेल तर ठेवा, पण नुकसानाला माणूस उभा राहिला पाहिजे. यावरनं मी हटणार नाही.

---

मनीची_आई
१० एप्रिल, रात्री ९:५५

हे मात्र मान्य. तुमच्या त्या शेजारणीच्या वतीनं मी म्हणते, चुकलं.

---

दारातली_तुळस
१४ एप्रिल, रात्री १०:२०

मंडळी, काल गेले होते.

पन्हं आणि आंबेडाळ घेऊन पुढच्या दारानं गेले. आक्कांनी दार उघडलं, ताटाकडं बघितलं आणि काही न बोलता पाट मांडला. मी कुंकू लावलं. मग दोघी नुसत्याच बसलो. कोपऱ्यात त्यांच्या मालकांची आरामखुर्ची आहे, तिच्यावर मालकांचा जुना टॉवेल घडी करून घातलेला, त्यावर एक तिरंगी मांजरी झोपलेली. मी विचारलं, हिचं नाव काय? आक्का म्हणाल्या, "चंपा. हीच पहिली आली." आणि मग त्या बोलायला लागल्या ते दिवेलागणीपर्यंत.

डॉक्टर, तुम्ही म्हणाला होतात तसंच निघालं. सातातली चारच त्यांची. चंपा आणि तिच्या तीन लेकी. दोन खालच्या गल्लीतनं नुसती खायला येतात. आणि तो पिवळा बोका त्यांचा नाहीच! आक्का म्हणाल्या, "त्यानं माझी दोन पिल्लं मारली गं. मी त्याला रोज काठी घेऊन हाकलते. तुम्हाला वाटलं तो माझा?" मी दोन वर्षं त्या बोक्याचा राग त्यांच्यावर काढत होते. मला तिथं बसवेना.

ऑपरेशन त्यांना करायचं होतं, पण गुडघ्यांनी चालवत नाही आणि मांजर घेऊन रिक्षात बसायची भीती वाटते. चारींना आम्ही दोन फेऱ्यांत नेतोय, खर्च निम्मा निम्मा. वाळूच्या पाट्या आमच्या ह्यांनी आजच आणून दिल्या. आक्कांशी ते अजून दोनच शब्द बोललेत, पण पाट्या ठेवताना जागा कुठली हे त्यांनाच विचारलं.

दूध बंद करायला मात्र आक्का तयार नाहीत. "दूध घातलं नाही तर मांजर कशाला पाळायचं?" म्हणतात. आणि लेकीच्या सासूबाई अजून ऐकत नाहीत, रक्ताचा रिपोर्ट आल्यावर बघू म्हणतात.

आता त्या बोक्याचं काय करायचं? पिवळा, दांडगा, डाव्या कानाचा तुकडा गेलेला. तालमीच्या बाजूनं येतो.

---

पेठेतला_पोरगा
१४ एप्रिल, रात्री १०:२६

काकी!! पिवळा? डावा कान फाटका? उजव्या डोळ्याच्या वर जखमेचा वण?

लगा तो आमचा वस्ताद की! तालमीतच झोपतोय, मॅटच्या गुंडाळीवर. पोरं त्याला रोज उकडलेली अंडी घालत्यात. आम्हाला वाटायचं तो दिवसभर तिथंच असतोय. तुमच्या कुरडया त्यानं तुडवल्या हे आम्हाला खरंच ठाऊक न्हवतं. माफ करा काकी.

---

दारातली_तुळस
१४ एप्रिल, रात्री १०:३०

तोच! वण आहे, आहे!

---

जनावरांचा_डॉक्टर
१४ एप्रिल, रात्री १०:४१

वस्तादला धरू शकाल का? एवढा मोठा मोकळा फिरलेला बोका उघड्या हातानं धरू नका. अंडं आत ठेवून जाळीच्या पिंजऱ्यात घ्या, वर पोतं टाका, अंधार झाला की शांत बसतो. किती तास उपाशी ठेवायचं ते ज्यांच्याकडं नेणार त्यांना आधी विचारा. रेबीजची लसही त्याच वेळी द्या.

---

पेठेतला_पोरगा
१४ एप्रिल, रात्री १०:५५

पोरांना विचारलं आत्ता. दोघं म्हणाले ऑपरेशन केलं की वस्तादची ताकद जाईल.

---

जनावरांचा_डॉक्टर
१४ एप्रिल, रात्री ११:०१

त्यांना सांगा, मारामाऱ्या कमी झाल्या की जखमा कमी, जखमा कमी की आयुष्य जास्त. पुढची बरीच वर्षं तुमच्या मॅटवर झोपेल. अंडी थोडी कमी घाला, ऑपरेशननंतर वजन वाढतं.

---

पेठेतला_पोरगा
१४ एप्रिल, रात्री ११:०९

ठरलं. गुरुवारी सकाळी नेतो, खर्च तालमीचा. आणि काकी, कुरडया परत कधी घालणार? दोघं पोरं काठी घेऊन बसवतो परड्यात.

---

दारातली_तुळस
१५ एप्रिल, सकाळी ६:१५

रविवारी. गहू आज भिजत घातले, आक्कांचेही माझ्याच पातेल्यात. पोरांना सहाला पाठव, चहा मिळेल.